आरसा नको, वस्तरा चालेल

कसालच्या बाजारात बाबलीचं केशकर्तनालय आहे. दोन खुर्च्या, एक पंखा आणि तोंडाने थोडा फटकळ मालक. गेल्या वर्षी त्याला जिल्ह्यातल्या एका मनोरुग्णालयाचं बोलावणं आलं. पुरुषांच्या वॉर्डात महिन्यातून एकदा केस कापायचे होते.

वॉर्डचा व्यवस्थापक ओमकार हा इस्त्रीच्या शर्टातला, घाईतला माणूस. भिंतीलगत उकिडव्या बसवलेल्या एकतीस जणांकडे बोट दाखवून तो म्हणाला, "सरसकट मशीन फिरवा. जेवणाच्या आत आटपलं पाहिजे."

"खुर्ची खंय आसा?" बाबलीने विचारलं.

"खुर्ची कशाला? ह्यांना काय कळतंय?"

बाबलीने जेवणघरातलं स्टूल स्वतःच ओढत आणलं. पहिल्या माणसाला बसवून पिशवीतून हातआरसा काढला, तसा ओमकार धावला. "काच वॉर्डात चालत नाही! सुरक्षेचा नियम आहे."

"साहेब, माझ्या हातात वस्तरो आसा. तो चालता, आणि आरसो चालना नाय?"

ओमकारने भिंतीवरचा नियमांचा तक्ता वाचून पाहिला; त्यात वस्तऱ्याचं नाव नव्हतं. नियम लिहिणाऱ्याला ते सुचलं नसावं. आरसा बाबलीने स्वतःच्याच हातात धरायचा, असं ठरलं.

मग त्याने एकेकाला विचारायला सुरुवात केली, "केस कशे कापू?" पहिले चौघे नुसते बघत राहिले. आपल्याला कुणी काही विचारतं, ही सवयच त्यांची मोडली होती. एका म्हाताऱ्याने आरशात बघून गालावरून हात फिरवला आणि "हो कोण?" म्हणाला. सात महिने त्याने आपलं तोंड पाहिलं नव्हतं.

देवबागचा रिचर्ड पूर्वी पर्यटकांना होडीतून फिरवायचा. तो वॉर्डात कुणाशी बोलत नसे. केस कापून झाल्यावर त्याने आरशात मान तिरकी केली. "डावो कल्लो आखूड झालो," तो चिडून म्हणाला. "नीट कर!"

बाबली खूश झाला. तक्रार करतो तो गिऱ्हाईक, हा त्याचा साधा हिशोब. त्याने दोन्ही कल्ले सारखे केले. ओमकारने मात्र नोंदवहीत लिहिलं : 'रुग्ण आक्रमक झाला.'

त्या दिवशी अकराच डोकी झाली. उरलेल्यांसाठी बाबली आणखी दोन दिवस आला. शेवटच्या दिवशी सगळ्यांना धुतलेले सदरे घालून फोटो काढले गेले. पुढच्या महिन्यात बाबलीला निरोप आला, येऊ नका, आम्ही मशीन घेतलंय. आता वॉर्डबॉयच अर्ध्या तासात एकतीस डोकी उरकायचा.

तरी भेटीच्या दिवशी बाबली रिचर्डसाठी फळं घेऊन गेला. दारावरच्या माणसाने वही उघडली. "रुग्णाशी नातं?"

"त्येचे केस कापलंय मी."

तो हसला. वहीत तसला रकाना नव्हता. फळं आत गेली, बाबली बाहेर राहिला. ती रिचर्डपर्यंत पोचलीच नाहीत, हे नंतर कळलं.

चार महिन्यांनी रिचर्ड बरा होऊन घरी आला. एका सकाळी एसटीने कसालला उतरून तो थेट दुकानात शिरला. डोक्याचा पार गोटा झालेला. खुर्चीत बसून म्हणाला, "कापूक काय नाय. दाढी तरी कर."

त्याच दिवशीच्या पेपरात त्या रुग्णालयाचा फोटो आला होता. 'उत्कृष्ट रुग्णसेवा' असं प्रमाणपत्र हातात धरून ओमकार उभा, आणि मागच्या फलकावर बाबलीने नटवलेल्या एकतीस जणांची छायाचित्रं. बाकावर बसलेल्या गिऱ्हाईकाने ते बघून म्हटलं, "बाबली, ह्या फ्रेम करून लाव मरे दुकानात!"

बाबलीने ते पान मागून घेतलं, नीट निरखलं आणि त्याचे चार तुकडे केले. वस्तऱ्यावरचा साबण पुसायला कागद लागतोच. ओमकार असलेला तुकडा त्याने वर ठेवला आणि रिचर्डच्या गालाला फेस लावायला घेतला.