लालासाहेबांनी मागून घेतलेला नियम

हवालदार लालासाहेब फौजेतून परतले आणि तालुक्याच्या गावी, टपाल कचेरीसमोरच्या फूटपाथवर पेपर विकू लागले. मोडक्या खाटेचे गज जोडून त्यांनी एक लोखंडी स्टँड करून घेतला होता. पुण्याहून पहिल्या एसटीनं आलेले पेपर आणि मासिकं ते त्यावर कवायतीच्या शिस्तीत लावत.

शेजारी कुतुबुद्दीन छत्र्या दुरुस्त करायचा. पावसाळा जवळ आला की त्याच्याकडच्या छत्र्यांचा ढीग सरकत सरकत पेपरांना येऊन टेके. दोनदा तोंडी सांगून झालं. मग शहात्तरच्या उन्हाळ्यात लालासाहेबांनी नगरपालिकेला अर्जच ठोकला, की पदपथावर मांडलेल्या सामानाला लांबीरुंदीची मर्यादा असावी. ‘पदपथ’ हा शब्द त्यांनी पेपरातूनच उचलला होता. अर्ज बायकोला, राहीबाईंना, वाचून दाखवला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “आवं, पर आपला स्टँड किती लांब हाय?”

नियम बेशिस्त माणसांसाठी असतो, हे लालासाहेबांनी त्यांना समजावून सांगितलं.

दोन महिन्यांनी नियम झाला. लांबी तीन फूट, त्यावर एक इंचही नाही. हे आपल्याच अर्जावर झालं, असं लालासाहेब आठवडाभर दिसेल त्याला सांगत होते. सोमवारी नगरपालिकेचा मुकादम टेप घेऊन आला. कुतुबुद्दीननं छत्र्या उभ्या रचल्या होत्या. त्याची पेटी अडीच फूट भरली. स्टँड साडेचार फूट भरला. मोजण्यात चूक झाली असणार, म्हणून लालासाहेबांनी टेप स्वतः या टोकापासून त्या टोकापर्यंत धरली आणि परेडच्या आवाजात आकडा पुकारला, “चार फूट आठ इंच!” अख्ख्या पेठेनं ऐकलं.

आठ दिवसांत स्टँड हलवा, नाहीतर जप्त होईल, असं सांगून मुकादम गेला. लालासाहेब तक्रार घेऊन कचेरीत गेले, तर कारकुनानं त्यांचाच अर्ज काढून समोर ठेवला आणि अक्षराचं कौतुक केलं. पायऱ्या उतरताना त्यांना हसू आवरेना.

लोखंड कापायची करवत कुतुबुद्दीनकडेच होती. त्यानं स्टँडचं दुसरं टोक धरलं. निम्मा गज कापून झाल्यावर त्यानं विचारलं, “हवालदारसायेब, अर्ज माज्यापायीच केला व्हता नव्हं?”

“व्हय रं गड्या,” लालासाहेब म्हणाले. “फौजेत वीस वर्सं कांदं-बटाटं मोजलं. बंदूक कंच्या बाजूनं उडती, ते आज कळलं.”

ही कांद्याबटाट्याची गोष्ट त्यांनी गावात आजवर कुणाला सांगितली नव्हती. कुतुबुद्दीन हसला नाही. त्यानं गज पलटून धरला.

तीन फुटांत जागा पुरेना, म्हणून आठ मासिकं बंद करावी लागली. गिऱ्हाइकं आता हळहळणार, म्हणून लालासाहेबांनी उत्तरंही तयार ठेवली. महिना गेला. आठांपैकी एकाचंही नाव कुणी काढलं नाही. इतकी वर्षं ती फक्त ते स्वतःच वाचत होते, आणि तीही फुकट.