छताला टांगलेली कांद्याची गोणी

मृणालचा फोन आला तेव्हा मी सातपूरला एका कारखानदाराच्या ऑफिसात कांद्यावरून वाद घालत उभा होतो. छतात रॉड ठोकून झाले होते, एसी अजून खोक्यातच होता, आणि आमची माणसं त्या रॉडना कांद्यानं भरलेली गोणी टांगायला निघाली होती. साहेबांचं म्हणणं, उद्या परगावची पाहुणेमंडळी येणार, ऑफिसभर कांद्याचा वास सुटला तर मी त्यांना काय सांगू? मी माझी नेहमीची टकळी लावली होती. तेवढ्यात फोन वाजला. "मामा, बाबा गेले." झोपेतच गेले, विंचूरच्या घरी. ताई सकाळी चहा घेऊन उठवायला गेली आणि... मी फोन खिशात ठेवला नि काय बोलत होतो तेच विसरलो. साहेबांनी विचारलं, कोण गेलं? म्हटलं, ज्यांची ही गोणी, ते. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि आमच्या माणसांना म्हणाले, टांगा रे, उद्यापर्यंत राहू द्या.

विलासराव माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे विंचूरचे, घरी कांद्याची शेती. पण आयटीआयला जाऊन फ्रिज-एसीचं काम शिकले आणि नाशकात येऊन माझ्यासोबत धंदा सुरू केला. सासुरवाडीच्या माणसाबरोबर भागीदारी करतोय म्हटल्यावर दोन्हीकडच्या मंडळींनी डोक्याला हात लावला होता. आमचं मात्र जमलं, कारण कामाची वाटणी सरळ होती. गिऱ्हाइकाशी बोलायचं मी, शिडीवर चढायचं त्यांनी. मला गप्प बसवत नाही आणि त्यांना बोलवत नाही. दिवसभर माझी बडबड ऐकून संध्याकाळी ते ताईला म्हणायचे, तुझ्या भावाला रिमोट नाय का गं? ताई हसून मलाच ते सांगायची. माझ्या तोंडावर मात्र ते कधी काही बोलले नाहीत, एवढा मान मेहुण्याला होता.

भिंतीवरचे एसी सगळेच बसवायचे. नंतर मोठ्या खोल्यांना छतात बसणारे चौकोनी एसी आले, ज्यांना आम्ही कॅसेट म्हणतो, आणि दाजींची झोप उडाली. ते मशीन चार रॉडवर लोंबकळतं, खाली माणसं बसतात, आणि रॉड धरून ठेवणारा फास्टनर वर कुठं रुतलाय हे नंतर कुणालाच दिसत नाही. जुन्या इमारतींत स्लॅबखाली प्लास्टरचे थरावर थर असतात. भोक उथळ राहिलं तर फास्टनर काँक्रीटपर्यंत पोचतच नाही, प्लास्टरमध्येच फुगून बसतो. हातानं ओढून बघा, पक्का वाटतो. पुढं मशीनची थरथर सुरू होते आणि काही महिन्यांनी... म्हणून दाजींनी त्यांची रीत काढली. दोन-दोन रॉडवर आडवा पाइप टाकायचा, त्या दोन्ही पाइपांना मिळून कांद्याची गोणी टांगायची, खोलीला कुलूप लावून घरी जायचं. गोणी मशीनपेक्षा जड. सकाळी ती वरच असली तर मशीन चढवायचं, नाहीतर नाही. कांदेच का, तर घरची कांदाचाळ भरलेली. वाळूच्या पिशव्या कुठं शोधत बसायच्या?

काय काय ऐकून घेतलं नसेल मी त्या गोणीपायी! धंद्यातले लोक आम्हाला कांदेवाले म्हणायचे. कॉलेज रोडच्या एका बाईंनी अगदी मनापासून विचारलं होतं, लिंबू-मिरची बांधतात तसंच आहे का हे, आणि किती दिवस ठेवायचं? काही गिऱ्हाइकं ऐकायचीच नाहीत. आजच चालू करून द्या, मुहूर्त आहे, नारळ आणलाय. अशा ठिकाणी दाजी माझ्याकडे बघायचे, मी गिऱ्हाइकाकडे बघायचो, आणि शेवटी गोणीशिवाय मशीन चढायचं. दाजी मग स्वतः प्रत्येक रॉडला लटकून बघायचे आणि घरी येऊन नीट जेवायचे नाहीत. ताईला जेवणावरूनच कळायचं की आज गोणी टांगली नाही.

मृणाल त्यांची एकुलती एक मुलगी, दातांची डॉक्टर झाली आणि तिनं गंगापूर रोडला एका जुन्या इमारतीत दवाखाना घेतला. बापाच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. तिथलं सगळं काम त्यांनी एकट्यानं केलं, आमच्या माणसांना ड्रिलला हात लावू दिला नाही. गोणी टांगली, कुलूप लावलं. सकाळी आम्ही तिघं दार उघडून आत गेलो तर खोलीभर कांदे. एक रॉड उपटून खाली पडला होता, टोकाला प्लास्टरचं ढेकूळ तसंच. दातांची खुर्ची अजून यायची होती, पण तिच्यासाठी फरशीवर खडूनं खूण केलेली होती. त्या खुणेवर फाटलेली गोणी. मृणाल खाली वाकून कांदे गोळा करायला लागली. मी म्हटलं, जाऊ द्या दाजी, जुनी इमारत आहे, होतं असं. त्यांनी तो रॉड उचलला, टोकाच्या ढेकळावरून बोट फिरवलं.

"कान गेला, प्रकाश. कधी गेला, ते ठाऊक नाय."

मला आधी अर्थच लागला नाही. मग हळूहळू सांगू लागले. ड्रिल प्लास्टरमध्ये असताना आवाज भसभसा येतो, काँक्रीटला लागलं की करकरीत होतो. इतकी वर्षं ते त्या आवाजावरच भोकाची खोली ओळखत आले होते. आवाज बदलला असं काल त्यांना वाटलं होतं, पण तो बदललेला नव्हता. ड्रिलनंच त्यांचे कान खाल्ले होते. टीव्ही मोठा लावतात म्हणून ताई कधीची कुरकुर करत होती, आणि आपण ते वयावर ढकलत होतो. दवाखान्याचं काम त्यांनी दुसऱ्या दिवशी आमच्या कारागिराकडून नव्यानं करून घेतलं, स्वतः खाली उभं राहून. त्यानंतर त्यांनी ड्रिल हातात घेतलं नाही. मोठी गोष्ट होती ती... पण त्यांना त्याचं फार वाटलं नाही. त्यांना दुसरीच गोष्ट खाऊ लागली. कान गेल्यावर आणि ते कळायच्या आधी आपण किती ठिकाणी मशीन टांगलं? जिथं गोणी टांगली होती तिथली फिकीर नव्हती. जिथं लोकांनी टांगू दिली नव्हती, तिथं खाली कोण बसत असेल?

म्हणाले, सगळीकडं जाऊन बघतो. मी तडकलो. म्हटलं दाजी, आपण बसवलेल्या कामात चूक असेल असं आपणच दारोदार सांगत फिरलो, तर नाशकात आपल्याला कोण उभं करील? दाजी दुसऱ्या दिवशी एका माणसाला आणि शिडीला घेऊन निघाले. एकेक ठिकाण त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. पेठला एक दवाखाना, विंचूरलाच एका कंपनीचं ऑफिस, शहरातली हॉटेलं. लोक दारात आडवे यायचे. फुकट बघून देतोय म्हणजे याचा काहीतरी डाव असणार, असं त्यांच्या तोंडावर दिसायचं. हे आपले सगळ्यांना एकच सांगायचे, बसवताना माझा कान बरोबर नव्हता, एकदा बघू द्या. बहुतेक सगळं ठीक निघालं. पण एका क्लासमध्ये वर बघितलं तर एका रॉडभोवतीचं प्लास्टर फुटून निम्मं सुटलेलं, आणि बरोबर खाली पहिला बाक. दाजींनी तिथं सगळं नव्यानं करून घेतलं. त्या दिवसापासून मी तोंड बंद केलं.

शेवटी राहिला इगतपुरीचा हॉल. लग्नं, साखरपुडे, बारशी असली कार्यं होतात तिथं. आम्ही काम केलं तेव्हा पाऊस असा कोसळत होता की गोणी टेम्पोतून उतरेपर्यंत तिचा चिखल झाला असता, आणि दुसऱ्या दिवशी तिथं साखरपुडा होता. तसंच मशीन चढवलं. नंतर हॉलचा मालक बदलला. नव्या मालकांना दाजींनी कानाचं सांगितलं तर ते हसले. कानाचा आणि एसीचा काय संबंध, गार हवा येतेय ना, मग हात लावू नका. दाजी पुन्हा गेले, पुन्हा तेच. मी म्हटलं, माझ्यावर सोपवा. कंपनीची फुकट सर्व्हिस आहे म्हणून सांगतो, हा हा म्हणता वर चढू. एवढंच तर येतं मला! तर म्हणाले, खोटं सांगून वर चढायचं नाय. पाहा, आता काय बोलणार अशा माणसापुढं?

मग त्यांनी जे सुरू केलं ते मला ताईकडून कळलं. लग्नाची तारीख बघायची, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि इगतपुरीला जायचं. कुणाच्या ओळखीचं नाही, आमंत्रण नाही. हॉलमध्ये शिरायचं आणि त्या मशीनखालच्या खुर्च्या हळूच बाजूला सरकवायच्या. गार लागतं म्हणून लहान मुलं नेमकी तिथंच येऊन बसायची, त्यांना गोडीगुलाबीनं उठवायचं. मग पंगत उठेपर्यंत मान वर करून तिथंच उभं राहायचं आणि न जेवता परत यायचं. मी एकदा सोबत गेलो. नवरीकडच्यांना वाटायचं हे नवरदेवाचे, नवरदेवाकडच्यांना वाटायचं नवरीचे. कुणीतरी त्यांना पेढा दिला, तो हातात धरून ते वर बघत होते. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. असं किती लग्नांना जाणार होता माणूस?

आमची शेवटची भेट विंचूरला झाली. मी सातपूरच्या कामासाठी गोणी न्यायला गेलो होतो. दाजी चाळीपाशी बसून कांदे निवडून गोणीत भरत होते. थकलेले दिसले. मी शेजारी बसलो आणि जरा जोरातच म्हटलं, इगतपुरीचा नाद सोडा आता. इतकी वर्षं टिकलंय, टिकेल. त्यांनी मान हलवली. ऐकू आलं नसेल असं वाटून मी पुन्हा म्हटलं.

"ऐकलं रे," ते म्हणाले. "पण खाली लेकरं बसतात."

एवढंच. मग ताईनं पोहे आणले, आणि आम्ही भावाच्या नावानं बोटं मोडत बसलो, भाव म्हणजे कांद्याचा. निघताना त्यांनी गोणी स्वतः गाडीपर्यंत आणायचा हट्ट केला. मी आणू दिली नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मी इगतपुरीला गेलो. आता माझ्या पद्धतीनं करायचं असं ठरवूनच निघालो होतो. कंपनीचं नाव, फुकट सर्व्हिस, सगळं जिभेवर तयार होतं. मालक समोर आले आणि माझी जीभ अडली. आयुष्यभर बोलण्यावर पोट भरलं, पण त्या घटकेला एकही खोटा शब्द फुटेना. म्हटलं, माझे दाजी गेले. हे मशीन त्यांनी टांगलं होतं. तेवढं एक बघायचं राहिलंय. मालक मग म्हणाले, लग्नात येऊन खुर्च्या हलवायचे ते का? मी हो म्हटलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि माणसाला दार उघडायला सांगितलं.

गॅसचे पाइप सोडून मशीन खाली घेतलं. चारही रॉड तपासले, मग पाइप आडवे टाकून गोणी टांगली. गोणी विंचूरचीच होती. मुक्काम इगतपुरीतच केला. सकाळी हॉल उघडायच्या आधी मी दारात नुसता उभा राहिलो, आत जायचं धाडस होईना. गोणी वर होती. सूतभरही हलली नव्हती. शिडीवर चढून प्लास्टरवरून हात फिरवला, कुठं तडा नाही, कुठं पोकळ नाही. कान गेला असेल नाहीतर नसेल, पण त्या दिवशी त्यांच्या हातानं काम नीटच केलं होतं. शिडीवरच मला रडू आलं. आमची माणसं समंजस, ती चहाला म्हणून बाहेर गेली. मशीन परत चढवून चालू केलं तोवर दुपारच्या कार्याची तयारी सुरू झाली होती. माणसं खुर्च्या मांडत होती, मशीनखालीही मांडत होती. मी त्यांना अडवलं नाही.

तिथूनच ताईला फोन लावला. म्हटलं, इगतपुरीचं बघून झालं. सगळे रॉड काँक्रीटात आहेत, दाजींचं तिथं काही चुकलं नव्हतं. तिकडून चालल्याचा आवाज आला.

"त्यांच्या फोटोपाशी आलेय," ती म्हणाली. "फोन स्पीकरवर केलाय. आता परत सांग, जरा मोठ्यानं सांग."

खुर्च्या मांडणारी माणसं थांबून माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं, अगदी मोठ्यानं.