दोन मनोरे, दीड दिवस

आमच्या यांना कुणी तब्येत विचारली, तरी हे देशाची सांगतात. प्रभाकरपंत आकडेवारीच्या कचेरीत नोकरीला, म्हणून पनवेलच्या आमच्या घरी गणपतीपुढे मखर नाही, थर्माकोलचे मनोरे! प्रत्येक वर्षाची एक जोडी, एक मनोरा भारताच्या दरडोई उत्पन्नाचा, दुसरा कुवेतच्या उत्पन्नाचा. त्यांचा छताला टेकलेला, आपला अंगठ्याएवढा. मध्ये तेलाचे भाव उतरले तेव्हा त्यांचा वीतभर कापावा लागला, तर यांना कोण आनंद! आरतीला आलेल्यांना आधी हे सगळं समजावणार, मग प्रसाद. अहो मोदक गार होतात म्हटलं, तर ऐकतील तर शपथ.

तेच मनोरे बघत आमचा निनाद मोठा झाला आणि कुवेतलाच नोकरीला गेला.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. त्यानंतर निनादचा फोन नाही की पत्र नाही. फोन शेजारी सुनीताकडे. तिथे घंटी वाजली की मी तिच्या दाराशी धावायची, आणि नाही वाजली तरी जायचीच.

तशात गणपती आले. यांनी मनोरे मांडले, पण नव्वदची जागा रिकामी. मला राहवेना.

"दरडोई म्हणजे नेमकं काय हो?"

"देशाचं उत्पन्न भागिले तिथे राहणारी सगळी माणसं."

"म्हणजे आपला निनाद त्यांच्यात धरलाय?"

"हो."

"मग आता तिथे त्याला कोण धरतंय?"

हे उठले आणि नव्वदची रिकामी जागा फडक्याने पुसत बसले. जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी विसर्जन. मी सकाळपासून मागे लागले होते, "नका ना नेऊ. तो येईपर्यंत राहू दे गणपती."

"पद्मजा, आपल्या घराण्यात दीडच दिवस. रीत मोडली आणि त्याचं काही बरंवाईट झालं तर?"

मला गणपती न्यायची भीती, यांना ठेवायची. संध्याकाळी यांनी अक्षता हातात घेतल्या. त्या वाहून मूर्ती जागची हलवली की संपलं, मग ठेवता येत नाही. मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात दारातून हाक आली, "काकी!"

जासईचा कुंदन. तिकडे कुवेतच्या बंदरावर क्रेन चालवायचा, निनादच्या खोलीतच राहायचा. दाढी वाढलेली, हातात पिशवीसुद्धा नाही.

"काकी, निनाद हाय. मी निघालू तवा बरा व्हता."

"आणि तू इथे? तो कुठाय?"

कुंदनने मान खाली घातली. "सरहद्दीवर जानाऱ्या बसमधी येकच जागा व्हती. तुजी आय येकटी हाय, तू जा बोलला. मी पुढच्या गाडीनं येतंय बोलला."

"पुढची गाडी आली का रे?"

"ता मना ठावूक नाय, काकी."

खोटं कशाला बोलू, त्या पोराचा मला राग आला. समोर धडधाकट उभा होता म्हणून राग आला. मग त्याचे सुजलेले पाय दिसले आणि मीच त्याला पाट दिला. तो मनोऱ्यांकडे बघत म्हणाला, "काका, ह्या काय हाय?"

दरवर्षी तासभर बोलणारे हे म्हणाले, "काही नाही रे. थर्माकोल आहे."

मग मूठ उघडून यांनी अक्षता परत वाटीत टाकल्या. अर्ध्या खाली सांडल्या.

"राहू दे गणपती," हे म्हणाले. "पुढची गाडी येईपर्यंत."