जिन्याची बादली

आमचे शेठ कुठेही बादली उपडी टाकून तिच्यावर उभे राहायचे. बँकेत, लग्नाच्या हॉलच्या दारात, एकदा तर दातांच्या दवाखान्यात. दोन्ही हात कमरेवर ठेवून समोरच्याला विचारायचे, "वाकते का?" समोरचा बिचारा तोंडात कापूस धरून मान हलवायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण त्यांच्याकडे नोकरी केली नसेल. मी नऊ वर्षं केली.

वालीवला त्यांचा प्लॅस्टिकच्या बादल्यांचा कारखाना. पॅकिंगला अकरा बायका, आणि ऑफिसात बाकी सगळ्याला मी एकटी. माल चांगला होता, पण दुकानदार म्हणायचे, बादली ती बादली, गिऱ्हाईक नाव विचारतं कुठे? मोठ्या कंपन्यांचा माल आला आणि आमच्या ऑर्डरी आटल्या. असंच चाललं तर अकरा जणींना घरी बसवावं लागेल, या काळजीने शेठ आतून पोखरले गेले होते. "गिऱ्हाइकाने आपली बादली मागून घेतली पाहिजे," एवढंच म्हणायचे. आणि त्यासाठी काय काय सोंगं काढायचे!

एकदा दोन पुरुष उंचीची पत्र्याची बादली करून टेम्पोवर चढवली. ती पुलाखालच्या लोखंडी कमानीला अडकली. तासभर रस्ता तुंबला, शेकडो लोकांनी व्हिडिओ काढले, शेठ खूश. संध्याकाळी आम्ही पाहतो तर काय, कंपनीचं नाव एकाही व्हिडिओत नाही. ते रंगवलं होतं मागच्या बाजूला.

मग त्यांना मी राहते त्या एव्हरशाईन वसाहतीतल्या सोसायटीचं आवार हवं झालं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पन्नास भरलेल्या बादल्या खाली टाकायच्या, एकही फुटायची नाही, आणि लोकांनी ते मोबाईलवर टिपायचं. परवानगी मी काढली. रविवारची सकाळ, ढोल-ताशा, टेम्पोत विक्रीला तीनशे बादल्या, भरायला पाण्याचा टँकर. एकच गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. सोसायटीत दोन दिवस नळाला पाणी नव्हतं. मी स्वतः तांब्याभर पाण्यात तोंड धुऊन खाली उतरले होते, तरी! कामाच्या नादात माणूस असा आंधळा होतो बघा.

पहिली बादली आपटली. फुटली नाही, पण पाणी गटाराकडे वाहत गेलं आणि टाळी एकही पडली नाही. बायका गॅलऱ्यांतून बघत उभ्या, त्यांत माझ्या सासूबाई. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेठनी दुसरी बादली कठड्यावर ठेवली, तेव्हा आमची पॅकिंगची सगळ्यात जुनी बाई त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "शेठ, पानी नका सांडू. यांच्या घरात पानी नाय."

शेठनी ती बादली कठड्यावरून उतरवली. मग खाली आले, ढोल थांबवला आणि टेम्पोचं फाळकं स्वतः उघडलं. म्हणाले, बादल्या भरा आणि घरी न्या, सवडीने परत द्या. ढोलवाल्यांनीसुद्धा म्हाताऱ्याकोताऱ्यांचं पाणी वर पोचवलं.

चार मजली इमारती, लिफ्ट नाही. दुपारपर्यंत सात बादल्यांच्या कड्या जिन्यातच निखळल्या. एकीचा अंगठा सुजला. ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला वाटलं, संपलं आता सगळं. दुसऱ्या दिवशी शेठ मला घेऊन त्या सातही घरी गेले. आधी माफी मागितली, मग वही काढून विचारलं, कितव्या मजल्यावर निखळली, कडी वाकली की बादलीचा कान तुटला? खाली उतरताना मला म्हणाले, "मी बादली फेकून बघत होतो हो. बायका ती उचलतात."

नवा, जाड कानाचा साचा करायला दोन महिने लागले. मग त्याच सात जणींना, त्याच जिन्यात, भरलेल्या बादल्या घेऊन वर चढायला लावलं आणि व्हिडिओ केला. त्याची सुरुवात काय, तर शेठ हात जोडून सांगतायत, आमची बादली या जिन्यात तुटली होती. स्वतःच्या मालाची अशी बदनामी कोण करतं, म्हणून मी कडाडून भांडले. त्यांनी ऐकलं नाही, हे किती बरं झालं.

शेठ जाऊन आता दीड वर्ष झालं. त्यांची आठवण आली की मला तो एक दिवस दिसतो. विरारच्या दुकानदाराचा फोन मीच घेतला होता. एक बाई आमचा व्हिडिओ बघून 'ती जिन्याची बादली' मागत आली होती. माल संपला होता म्हणून त्याने दुसरी दाखवली, तर ती न घेताच गेली. परवा येते म्हणाली, माल लवकर पाठवा, असं तो म्हणाला.

शेठनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग पॅकिंगच्या हॉलमध्ये जाऊन एकेका टेबलाशी थांबून प्रत्येकीला सांगत सुटले, "एक बाई दुसरी बादली न घेता गेली." शेवटच्या टेबलाशी ती जुनी बाई होती. तिच्यासमोर उभे राहून त्यांनी पुन्हा सुरुवात केली, "एक बाई..." डोळे भरून आले होते. माझेही.

तिने मान वर केली. "आयकलं मी, शेठ. आता सरा बाजूला. विरारचा माल भरायचाय."