शिक्का कुठं मारू?

पदव्युत्तर प्रवेशाची शेवटची फेरी असते, त्या दिवशी घरून निघतानाच मी नवऱ्याला सांगून ठेवते, "आज संध्याकाळी माझ्याशी कामापुरतंच बोला." ते म्हणतात, "आजच कशाला? प्रवेश सुरू झाल्यापासून मी तेच करायलोय." हे साफ खोटं आहे. ते बोलतात, आणि मी खेकसते. प्रवेशाच्या दिवसांत आमच्या घरात पोळी करपली तरी माझ्याकडं कुणी बोट दाखवत नाही.

आता माझा तरी काय दोष? विद्यापीठाच्या पदव्युत्तर प्रवेश विभागात मी अधीक्षक. सकाळपासून एकेका उमेदवाराला बोलवायचं, मूळ कागद बघायचे, प्रत्येक कागदाच्या पाठीवर 'मूळ प्रत तपासली' असा निळा शिक्का मारायचा, टीसी ठेवून घ्यायची आणि पुढच्याला हाक मारायची. शेवटच्या फेरीत पाच वाजता यादी बंद. पाचनंतर देव जरी टीसी घेऊन आला तरी उपयोग नाही. आणि लोक असे, की फोटो चिकटवायचा तो पिन मारून आणतील, पिन नेमकी कपाळातून. मग आवाज चढणारच. माझा आवाज परीक्षा विभागापर्यंत जातो म्हणतात. आमचे शिपाईमामा नवीन माणसाला आधीच कानात सांगून ठेवतात, "घाबरू नका, मॅडम फणस हायेत." वरून काटे हे लोकांना लगेच पटतं, आतल्या गऱ्यांवर कुणाचा विश्वास बसत नाही.

त्यात दोन वर्षांपूर्वी एक भानगड झाली. एका गुणपत्रिकेवर लॅमिनेशन होतं आणि त्या प्लास्टिकखाली आकडे बदललेले निघाले. तेव्हापासून नियम आला, लॅमिनेशन केलेले मूळ कागद घ्यायचे नाहीत. बरोबरच होतं ते. मूळ कागदावरचा उठावाचा शिक्का प्लास्टिकवरून अंगठ्याला जाणवत नाही आणि पाठीवर आमची शाई धरत नाही, बोट लावलं की पुसली जाते. खिडकीवरची सूचना मीच लिहिली, लाल स्केचपेननं, खाली दोन रेघा ओढून.

त्या दिवशी मृदाशास्त्राला एकच जागा उरली होती आणि प्रतीक्षा यादीत पहिलं नाव एका मुलीचं होतं. मामांनी नाव पुकारलं. पोरगी उठली, मागून तिचे वडील. पालमच्या पुढं कुठंतरी त्यांचं गाव, तिथं शिलाईकाम करतात, पहाटेच्या पहिल्या एसटीनं निघालेले. अंगातला पांढरा शर्ट त्यांनी स्वतःच शिवलेला असणार, कॉलर बघूनच कळत होतं.

"जय भीम, मॅडम."

"जय भीम. काढा कागद."

त्यांनी पिशवीतून चेन लावलेली कापडी खोळ काढली. खोळीतून एकेक कागद काढून माझ्या टेबलावर मांडला. अकरा कागद. दहावी, बारावी, पदवीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, वैधता, रहिवासी, टीसी. अकराच्या अकरा कडक, चकचकीत, वरची ट्यूबलाईट त्यांच्यात दिसत होती. मी शिक्का उचलला होता तो हातातच राहिला.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"लॅमिनेशन, मॅडम," ते कौतुकानं म्हणाले. "सगळ्यायचं केलंय. एक बी न्हाई सोडला."

"डोळे आहेत का नाहीत? बाहेर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय! शिक्का कुठं मारू मी? माझ्या डोक्यावर?"

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. वडील मात्र माझ्याकडं बघत राहिले, मीच काहीतरी चुकीचं बोलत असल्यासारखे.

"पण मॅडम, तुमीच तर सांगितलं व्हतं."

"मी?" मी उडालेच. "मी सांगेन लॅमिनेशन करा म्हणून? शक्यच नाही!"

"चार वर्षं झाली की. ही पदवीला आली तवा. तुमी तिकडच्या खिडकीत व्हत्या. मी बारावीचा कागद खिशातून काढला, चार घड्या घातलेला. तर तुमी म्हणल्या," आणि त्या माणसानं अगदी माझ्याच पट्टीत आवाज चढवला, "कागद हाय का चिवड्याचा पुडा? जा, आधी लॅमिनेशन करून घ्या सगळ्यायचं, मग पोरीला शिकवा!"

बाकावरची दोन-तीन माणसं हसली. मी मामांकडं बघितलं. मामांनी छताकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "चिवड्याचा पुडा तुमचाच हाय, मॅडम."

होताच माझा. पदवीच्या खिडकीवर होते तेव्हा हे वाक्य माझ्या तोंडात बसलेलं होतं. तेव्हा तर असा काही नियमच नव्हता.

"अन् मॅडम, मागच्या साली काय झालं..." ते सांगायला लागले.

"मागच्या सालचं राहू द्या हो! आजचं बघा!" मी म्हटलं. आजचं सरळ होतं. पाचच्या आत हे कागद पक्के झाले नाहीत तर पोरीची जागा यादीतल्या पुढच्याला. पुढचा उमेदवार पूर्णेहून रेल्वेनं आलेला, समोरच बसलेला होता. अकरा कागदांच्या दुसऱ्या प्रती काढायच्या म्हणजे बोर्ड, तहसील, कॉलेज, जात पडताळणी समिती. महिना कुठं गेला. आणि ही शेवटची फेरी.

मग आमच्या ऑफिसातले सगळे शास्त्रज्ञ जागे झाले. एक म्हणे गरम इस्त्री फिरवा, सुटतं. दुसरा म्हणे बर्फात ठेवा. मामांनी गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याला बोलावून आणलं. तो म्हणाला, "निघतंय की, पण कागदाला घेऊनच निघतंय." तरी मामांचं समाधान होईना. त्यांनी ड्रॉवरमधून स्वतःचं एक जुनं, मुदत संपलेलं ओळखपत्र काढलं, कोपरा नखानं सोडवला आणि ओढलं. मामांचं नाव आणि अर्धं तोंड प्लास्टिकबरोबर वर आलं. त्यांनी ते गुपचूप ड्रॉवरमध्ये परत टाकलं.

पोरीचे वडील खोळीची चेन उघडझाप करत म्हणाले, "शिवण असती तर उसवली असती मॅडम. ह्याला कुठून उसवू?"

दुपारी डबा उघडला, पण घास उतरेना. खिडकीतून ती दोघं दिसत होती. बाप पोरीपुढं भाकरी सरकवायचा आणि पोरगी ती परत बापाकडं सरकवायची. मला राग यायला लागला. आधी त्यांचा आला, मग झेरॉक्सवाल्याचा, मग त्या आकडे बदलणाऱ्या चोराचा. सगळ्यांचा येऊन गेल्यावर शेवटी माझाच उरला. नियमावर बोट ठेवलं असतं तर मला कुणी जाब विचारणार नव्हतं. सूचना भिंतीवर होती, वेबसाईटवर होती. पण त्या माणसानं ऑफिसातल्या बाईचं ऐकलं होतं, अक्षरशः ऐकलं होतं, आणि ती बाई मी होते. एवढ्या वर्षांत माझं कुणी एवढं मनावर घेतलेलं नव्हतं, घरचं तर नाहीच नाही. डबा तसाच झाकला आणि टिपणी लिहायला घेतली.

सरकारी मराठीत चूक कबूल करणं लय अवघड काम आहे हो. 'दिसून आले', 'राहून गेले', 'झाले असावे' असे शब्द ढिगानं सापडतात, 'मी केलं' असा एक सापडत नाही. तीन कागद फाडले. शेवटी लिहिलं: 'सदर उमेदवाराच्या पालकांनी कागदपत्रांचे लॅमिनेशन माझ्या तोंडी सूचनेवरून केले आहे. ही चूक त्यांची नसून माझी आहे. तरी उमेदवाराचे नुकसान होऊ नये ही विनंती.' खाली सही केली आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेबांनी टिपणी वाचली. चष्मा काढून पुसला, परत वाचली.

"मॅडम, फायलीत 'माझी चूक' असं लिहिलेलं मी पहिल्यांदाच बघतोय. तुम्हाला मेमो निघू शकतो, कल्पना आहे ना?"

"निघू द्या."

त्यांनी बापलेकीला आत बोलावलं. टिपणी मोठ्यानं वाचून दाखवली आणि विचारलं, "बरोबर आहे का?"

"अर्धी बरोबर हाय, सायेब," वडील म्हणाले. "मॅडमनी सांगितलं, हे खरं. पण चूक लिवलंय ते न्हाई खरं."

"म्हणजे?"

"मागच्या साली वढ्याचं पाणी आलं आमच्या गल्लीत. पत्र्याची पेटी दोन दिस पाण्यात व्हती. मशीन गंजली, लोकायचे शिवायला आलेले कपडे गेले. माझे सोताचे कागद व्हते, त्याचा तर लगदाच झाला. पण पोरीचा एक बी कागद गेला न्हाई, सायेब. नळाखाली धुतले अन् दोरीवर वाळू घातले, चिमटे लावून. शेजारचे लेकरं अजून दाखल्यासाठी तहसीलला खेटे मारायलेत. तवापास्नं नवा कागद हातात आला की मी आधी लॅमिनेशनवाला गाठतो. आता हिच्यात मॅडमची काय चूक? तेवढं खोडून टाका."

सकाळपासून मी त्यांना 'का केलं, का केलं' असं दहादा विचारलं होतं, पण उत्तराला एकदाही थांबले नव्हते. साहेबांसमोर रडायचं नाही म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभी राहिले.

साहेब हसले. त्यांनी लाल पेन घेऊन 'ही चूक'पासूनचं अख्खं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, की कागद पाण्यातून वाचले आहेत, ज्या त्या कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी, तोवर तात्पुरता प्रवेश द्यावा, शिक्के वेगळ्या कागदावर मारून तो फायलीला जोडावा. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आता कळलं ना, शिक्का कुठं मारायचा?"

पाचाला वीस मिनिटं कमी होती. पूर्णेच्या उमेदवाराला मीच बाहेर जाऊन सांगितलं. त्याचं तोंड पडलं, साहजिक होतं. खात्री झाली नाही तर तुझा नंबर लागेल म्हणून त्याचा फोन नंबर लिहून घेतला. मग टेबलावर कोरा कागद पसरला आणि अकरा शिक्के असे आपटले की मामा म्हणाले, "मॅडम, खाली टेबल हाय."

वडील चहा आणायला गेले. नको म्हटलं तरी गेले. पोरगी सहीसाठी माझ्यासमोर बसली. दिवसभर ती एक शब्द बोललेली नव्हती.

"मॅडम, एक सांगू?"

"सांग."

"चार वर्षांमागं तुमी बाबाला रागावल्या ना, तवा मला लय रडू आलं व्हतं. पण बाबा एसटीत बसल्यापासून हसायलते. घरी गेल्यावर आईला म्हणले, आज एका मॅडमनी लय झापलं. हापिसात आजवर कुणी माझ्याकडं मान वर करून बघितलं न्हाई, अन् ह्या बाईनं आपल्या पोरीच्या कागदासाठी एवढा जीव तोडला. कुणीतरी पोरीला आपलं समजलं म्हणले."

मी पेन शोधायचं निमित्त करून ड्रॉवर उघडला. चिवड्याच्या पुड्याचं ते वाक्य त्या दिवसांत मी रोज पन्नास जणांना फेकून मारायचे. कधी भूक लागलेली असायची, कधी डोकं दुखत असायचं. हिच्या बापाचा तर मला चेहरासुद्धा आठवत नव्हता. हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?

"इथं सही कर, बाई," मी म्हटलं. "पाच वाजायलेत."