डोक्यावरची बिंदगी

मला माफी मागायची खोड आहे. नोकरीत नव्हती, घरी परतल्यावर लागली. उमेदीची सगळी वर्षं सैन्यात हेलिकॉप्टर चालवण्यात गेली. घरी पगार नेमानं पोचत राहिला, मी मात्र सुट्टीपुरता. लेकीचे दुधाचे दात पडले आणि नवे आले, ते मी फोटोत पाहिले. म्हणून निवृत्त होऊन परभणीकडे गावी आलो तेव्हा मनाशी ठरवूनच आलो होतो, की आता सगळी भरपाई करायची. सकाळचा चहा मी करणार, गॅसची टाकी मी जोडणार, आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दवाखान्यात मी नेणार. आणि प्रत्येक कामाआधी बायकोला म्हणणार, "सॉरी, इतकी वर्षं तुला एकटीला करावं लागलं."

बायको शाळेत शिक्षिका आहे, तिला धीर पुष्कळ. तरी थोड्याच दिवसांत म्हणाली, "अहो, तुमी सॉरी म्हणत म्हणत घरभर फिरायलाव. सारखं पायात यायलाव माज्या."

त्यावरही मी सॉरी म्हणालो.

मग वेळ अमावस्या आली. आमच्याकडे तिला येळवस म्हणतात. थंडीचे दिवस, शेतात ज्वारी कमरेच्या वर गेलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे शेतात जेवायला. शेतात कडब्याची खोप करायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा करायची, आणि मग भज्जी ही शेंगा-पालेभाज्यांची मिसळभाजी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर आणि आंबील. आंबील म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ कालवून लसणाची चव दिलेलं पेय. ती घरून बिंदगीत, म्हणजे लहान घागरीत, डोक्यावरून न्यायची. आमच्या घरात तरी ती वाटेत भुईला टेकवायची नाही असा दंडक आहे.

बिंदगी पूर्वी आबा न्यायचे. त्यांची मान दुखू लागली तेव्हा मी कुठल्यातरी बर्फाळ डोंगरावर होतो. तेव्हापासून ती बायकोच्या डोक्यावर आली. आमचं गाव ताडकळसच्या बाजूला, आणि घरापासून शेत चांगलं लांब, मध्ये ओढा. दर वर्षी येळवशीला तिचा फोन यायचा आणि मला तिची मान दिसायची. माझ्या वाटणीचं ओझं ती वाहते आहे, हे मला खात राहायचं.

तर त्या सकाळी ती पदर खोचून, डोक्यावर कापडाची गोल चुंबळ आणि चुंबळीवर बिंदगी घेऊन उंबऱ्याबाहेर आली. मी पुढं झालो आणि बिंदगी उचलून सरळ माझ्या डोक्यावर ठेवली.

"बस झालं तुझं. आजपासून हे माझं काम."

बाहेर चुलतभाऊ उभा होता. तो ओरडला, "वा, कर्नलसाब! घ्या टेकऑफ!" लेक हसली. बायकोचे हात मात्र तसेच वर राहिले होते. ते तिनं हळूच खाली घेतले आणि म्हणाली, "बरं."

लग्न झालेल्या माणसाला हे 'बरं' समजावून सांगायची गरज नाही. मला त्या वेळी कळलं नाही, एवढंच.

आणखी एक कळलं नव्हतं. मी बिंदगी घेतली होती, चुंबळ तिच्याच डोक्यावर राहिली होती. माझ्या टकलावर बिंदगी बसेना. डावीकडे कलली की मी उजवीकडे ओढायचो, उजवीकडे गेली की डावीकडे. हेलिकॉप्टरखाली दोराला ओझं लटकवून नेताना ते झोके घेऊ लागलं, तर प्रत्येक झोक्याच्या मागं धावायचं नसतं. धावलात की झोका वाढतो. हे मी कितीतरी पोरांना दरडावून शिकवलं आहे. इथं मी प्रत्येक झोक्याच्या मागं धावत होतो आणि आंबील माझ्या कानांतून शर्टात उतरत होती.

"साब, लोड हलायलाय!" चुलतभाऊ.

"पप्पा, थांबा ना, व्हिडिओ काढायचाय," लेक.

शेजारच्या बांधावरून एक बाई बायकोला म्हणाली, "मास्तरीणबाई, औंदा हात मोकळे?"

"मालक आलेत की आता," बायको म्हणाली. हसली, पण उगीच. चुंबळ अजून तिच्या डोक्यावरच होती.

आबा काठी टेकत माझ्या बाजूनं चालत होते. हळूच म्हणाले, "तिला जड हुतंय म्हणून कुनी सांगितलं रं तुला?"

"आबा, इतकी वर्षं तिनं—"

"पयल्याच साली मी म्हनलो, पोरी, गड्याच्या डोक्यावर देऊ. न्हाई म्हनली. म्हनली, आबा, ह्या घरात समदं तुमच्या लेकाच्या नावचं हाय. येवडं एक माजं असू द्या. बिंदगी घेऊन निघाले की शिवार वाट देतंय मला."

मी चालत राहिलो. आंबील गळत राहिली.

आमच्या हेलिकॉप्टरला चालवायचे दांडे दोघांपुढे असतात. पण एका वेळी चालवतो एकच. दुसऱ्याला द्यायचं तर तोंडानं म्हणायचं, 'कंट्रोल तुझ्याकडे.' घेणाऱ्यानं म्हणायचं, 'कंट्रोल माझ्याकडे.' ते ऐकू आल्याशिवाय पहिल्यानं हात काढायचा नाही. आणि न बोलता दुसऱ्याच्या हातातून काढून घेणं, याहून मोठा गुन्हा नाही. सुट्टीत लेकीला स्कूटी शिकवतानाही मी हेच म्हणायचो, तेव्हा बायको अंगणात उभी राहून हसायची. आणि आज मी तिच्या चालत्या हातांतून काढून घेतलं होतं. वर त्याला भरपाई म्हणत होतो.

ओढ्यापाशी थांबलो. सॉरी ओठांवर आलं होतं, ते गिळलं. या खेपेला ते तिच्या काय कामाचं?

"ऐक ना," मी म्हणालो. "कंट्रोल तुझ्याकडे."

ती बघत राहिली. "काय?"

"दमले साब!" चुलतभाऊ ओरडला.

"दमलो," मी म्हणालो. मान खरंच अवघडली होती, पण ते कारण नव्हतं.

तिनं चुंबळ नीट केली, जवळ येऊन उभी राहिली. मी बिंदगी तिच्या डोक्यावर टेकवली आणि तशीच धरून ठेवली.

"सोडा की."

"म्हणायचं असतं."

"लोकं बगायलेत, अहो!"

"म्हटल्याशिवाय सोडता येत नाही."

तिच्या गालाला खळी पडते, ती पडली. "कंट्रोल माज्याकडं. सोडा आता, न्हाईतर दोगं बी ओढ्यात जाऊ."

मी हात काढले. ती दगडांवरून पाय टाकत ओढा पार करून गेली. बिंदगीतला थेंब सांडला नाही. पलीकडून येणारी माणसं वाट सोडून बाजूला झाली, एक म्हातारा तर जोडे काढून उभा राहिला. मी भज्जीचं पातेलं घेऊन मागं मागं चाललो.

खोपेत पूजा झाली. आबांनी पिकावर आंबील शिंपडली. पंगत बसली आणि बायको वाढायला उठली.

"पुढच्या साली ओढ्यापतोर तुमी घ्या," ती माझ्यापाशी येऊन म्हणाली. "पण मागून घ्यायचं. आन चुंबळीसकट."

"बरं," मी म्हणालो आणि वाटी पुढं केली.

तिनं वाटीत घोटभर आंबील ओतली आणि पुढं सरकली.

"एवढीच?"

"तुमची तुमी वाटेत घेतलाव की. शर्ट पिळा."