ओल्या हाताचे लोणचे
लोणच्याच्या बरणीतून बुरशीचा दमट वास आला की मला कऱ्हाडचा दवाखाना आठवतो. महायुद्ध नुकतेच संपले होते. ऊस तोडताना कोयत्याने झालेली जखम चिघळून माझा पाय मांडीपर्यंत सुजला होता आणि तो कापावा लागेल, असे डॉक्टरांनी आईला सांगितले होते. तेवढ्यात पुण्याहून बर्फात ठेवलेली पेनिसिलिनची कुपी रेल्वेने आली. सुया टोचल्या, ताप उतरला, पाय राहिला. "कशाचं हाय वो ह्ये औषद?" आईने विचारले. "बुरशीपासून काढतात, मावशी," डॉक्टर म्हणाले. त्या वर्षी आमच्या लोणच्याला बुरशी आली होती आणि वहिनीने बरणीत ओला हात घातला म्हणून आईने तिच्याशी बोलणे टाकले होते. माझ्या उशाशी बसलेल्या वहिनीकडे वळून ती म्हणाली, "तुज्याच हातचं पावलं गं पोरी. म्या उगंच लय बोल लावला." वहिनी पदराआड हसली. "मग आत्याबाई, आता समद्याच बरण्यांत हात घालू व्हय?" "घालून तर बघ!" आई म्हणाली आणि स्वतःच हसू लागली. औषधाची बुरशी निराळी, हे मला ठाऊक होते. तरीही मी बोललो नाही. ते मौन योग्य होते का, हे मी आजही स्वतःला विचारतो. नासलेले लोणचे आता मीच टाकून येतो. मात्र त्याआधी, दोन्ही पायांवर उभा राहून, क्षणभर हात जोडतो.